‘लॉयलिस्ट’ म्हणजे राजनिष्ठ की फितूर?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरचा मजकूर मराठीत आणताना ‘लॉयलिस्ट’, म्हणजे वसाहतींतले असूनही इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिलेले लोक, या शब्दासाठी ‘राजनिष्ठ’, ‘ब्रिटिशधार्जिणे’, ‘देशद्रोही’ आणि ‘फितूर’ असे चार पर्याय सुचले. यांतला कोणता घ्यावा, आणि बंडखोरांचा सेनानी असून इंग्रजांना मिळालेल्या बेनेडिक्ट अर्नोल्डलाही तोच चालेल का?

‘राजनिष्ठ’ घ्यावा. अर्नोल्डसाठी मात्र ‘फितूर’च हवा. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घातले, तर इतिहासच उलटा वाचला जातो.

मराठीत फितूर व्हायला माणूस आधी आपल्या गोटातला असावा लागतो. किल्लेदार फितूर होतो आणि दरवाजा आतून उघडतो. कोर्टात साक्षीदार फितूर होतो, कारण त्याला आपल्याच बाजूने बोलावलेलं असतं. पहिल्यापासून पलीकडे उभ्या असलेल्याला आपण फितूर म्हणत नाही, तो शत्रू. अर्नोल्ड या शब्दात अगदी चपखल बसतो. १७७७ मध्ये साराटोगाच्या लढाईत बंडखोरांच्या बाजूने लढताना त्याचा पाय जायबंदी झाला होता. १७८० च्या ऑगस्टमध्ये हडसन नदीवरचा वेस्ट पॉइंट हा मोक्याचा गड त्याच्या हवाली झाला. म्हणजे तो किल्लेदारच, आणि तोच गड पैशाच्या बदल्यात इंग्रजांच्या घशात घालायचं त्याने ठरवलं. मध्यस्थ होता इंग्रज अधिकारी मेजर जॉन आंद्रे. २३ सप्टेंबरला तो टॅरीटाउनजवळ पकडला गेला, तेव्हा गडाची कागदपत्रं त्याच्या मोज्यांत सापडली. दोनच दिवसांनी अर्नोल्ड होडीतून नदीतल्या इंग्रज जहाजावर पळाला. आंद्रे २ ऑक्टोबरला फासावर गेला. पुढच्या वर्षी इंग्रजी गणवेशात अर्नोल्डने आपल्याच कनेटिकटमधलं न्यू लंडन जाळलं. याला फितुरी नाही तर काय म्हणायचं?

आता दुसरा माणूस पाहा. विल्यम फ्रँकलिन हा पुढे बंडखोरांचा मोठा नेता झालेल्या बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. १७६३ पासून तो न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता. राजाने नेमलं, शपथ राजाच्या नावाने घेतली आणि ती त्याने शेवटपर्यंत मोडली नाही. जून १७७६ मध्ये त्याला अटक झाली आणि कनेटिकटमध्ये कैदेत ठेवलं गेलं. तिथे असतानाच न्यू यॉर्कमध्ये त्याची बायको वारली. मरणशय्येवरच्या बायकोला भेटण्याची परवानगीही त्याला मिळाली नव्हती. १७७८ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला, आणि राजनिष्ठांची संघटना उभी करून पुन्हा कामाला लागला.

बाजू बदलली ती बापाने. १७६४ मध्ये पेनसिल्व्हेनियाची सत्ता पेन घराण्याकडून काढून थेट राजाकडे द्यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत हाच बेंजामिन पुढे होता. वसाहतींच्या टपालखात्याचं सरकारी पदही त्याच्याकडे होतं. जानेवारी १७७४ मध्ये लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळासमोर, त्याचा भर सभेत पाणउतारा झाला, पद गेलं, आणि तिथून तो कायमचा दुरावला. मला त्याचा निर्णय योग्यच वाटतो. पण मुलाला ‘फितूर’ लिहिणं म्हणजे शब्दाशी बेइमानी आहे. बापाने मात्र माफ केलं नाही. मृत्युपत्रात मुलासाठी नोव्हा स्कोशियातली (आजच्या कॅनडातली) जमीन, आधीच त्याच्याकडे असलेली पुस्तकं-कागद आणि त्याच्याकडून येणं असलेल्या कर्जाची माफी एवढंच ठेवलं, आणि त्याचं कारणही लिहून ठेवलं: जी मालमत्ता हिरावून घ्यायचा त्याने प्रयत्न केला, त्यातलं अधिक त्याला का द्यावं?

‘ब्रिटिशधार्जिणे’ मी टाळेन. ‘धार्जिणा’चा जुना अर्थ लाभणारा, मानवणारा असा आहे, हे घर आम्हाला धार्जिणं नाही, असं आपण अजूनही म्हणतो. पण वर्तमानपत्री मराठीत ‘भांडवलदारधार्जिणे’सारख्या शब्दांमुळे त्याला आता लाचारीचा, स्वार्थाचा वास चिकटला आहे. शिवाय हे लोक ‘ब्रिटिशांना’ धार्जिणे कसे? ते स्वतःला ब्रिटिशच समजत होते. ‘देशद्रोही’ची अडचण याहून मोठी. द्रोह व्हायला आधी देश हवा, आणि ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापूर्वी तो कागदावरसुद्धा नव्हता.

तारखांकडे लक्ष द्या, असं मी अनुवादकांना आवर्जून सांगेन. १७७५ च्या एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला गोळीबार झाला, जूनमध्ये बंकर हिलला रक्ताचा सडा पडला, आणि तरीही जुलैमध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने राजाला समेटाचा अर्ज पाठवला. त्यात स्वतःचा उल्लेख राजाचे निष्ठावंत प्रजाजन असाच होता! तो अर्ज जॉन डिकिन्सनच्या आग्रहाचा. त्याने पुढे जाहीरनाम्यावर सही केली नाही, पण बंदूक घेऊन उभा राहिला तो वसाहतींच्या बाजूने. ऑगस्टमध्ये राजा तिसऱ्या जॉर्जने वसाहती बंडात असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे दोन बाजू स्पष्ट दिसू लागल्या. म्हणून १७७५ च्या मध्यापर्यंतच्या मजकुरात ‘राजनिष्ठ’ हा गटवाचक शब्द जपून वापरावा. त्या काळचे बंडखोर राजाची बाजू घेणाऱ्याला ‘टोरी’ म्हणत. जमाव एखाद्याला डांबर फासून पिसं चिकटवतो आहे, अशा प्रसंगातल्या संवादात ‘टोरी’च ठेवा, ‘राजनिष्ठ’ तिथे पुस्तकी वाटेल.

‘राजनिष्ठ’ शब्दालाही आपल्याकडे एक डाग आहे. टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले झाले, त्या काळात इंग्रज सरकारशी राजनिष्ठ असणं हे इथल्या तरुणांना अभिमानास्पद वाटत नव्हतं. पण डाग असूनही शब्द खरा आहे: निष्ठा कोणाशी, ते तो सांगतो. निवाडा वाचकाने करावा.

या लोकांचं पुढे काय झालं, हे कळलं की शब्द नेमका निवडण्याचं मोल कळतं. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला शरण येताना इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने (श्रीरंगपट्टणच्या स्वारीत १७९२ मध्ये मराठ्यांच्या साथीने टिपूवर गेलेला तोच) राजनिष्ठांना शिक्षा होऊ नये असं कलम मागितलं. वॉशिंग्टनने ते नाकारलं. मात्र एक जहाज झडतीशिवाय जाऊ दिलं आणि त्यातून काही जण निसटले. युद्धानंतर सुमारे साठ हजार माणसं देश सोडून गेली. त्यांतल्या अनेकांनी नोव्हा स्कोशिया गाठलं, आणि त्यांच्यासाठी १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत तोडून द्यावा लागला. कॅनडात आजही ‘लॉयलिस्ट’ वंशज असणं मानाचं आहे.

दोन ठिकाणी मात्र ‘राजनिष्ठ’ही तोकडा पडतो. मोहॉक या मूळनिवासी जमातीचा पुढारी जोसेफ ब्रँट इंग्रजांच्या बाजूने लढला, तो आपली भूमी वाचवण्यासाठी. मोहॉक स्वतःला कुणाची प्रजा मानत नव्हते, त्यांना ‘इंग्रजांचे दोस्त’ म्हणा. आणि नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डन्मोर याने बंडखोरांच्या गुलामांना, शस्त्र उचलल्यास मुक्तीचं वचन दिलं, तेव्हा इंग्रजांकडे धावलेल्या हजारो कृष्णवर्णीयांना राजाचं प्रेम नव्हतं. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननवरून पळालेला हॅरी वॉशिंग्टन हा गुलाम त्यांतलाच. १७८३ मध्ये न्यू यॉर्कहून निघालेल्यांच्या इंग्रज नोंदवहीत त्याचं नाव आहे. त्यांच्यासाठी ‘इंग्रजांकडे गेलेले मुक्तिकांक्षी कृष्णवर्णीय’ असं लांबलचक का होईना, पण खरं लिहावं.