फिनलंडच्या विद्यार्थ्याला एस्टोनियात गेल्यावर तिथली भाषा आपोआप समजते का?

आपोआप समजत नाही. वाचताना बराच अर्थ लागतो, पण ऐकताना तो निसटतो. फिनिश आणि एस्टोनियन या युरेलिक कुळातील फिन्निक शाखेच्या भाषा असून दोन्हींत व्याकरणिक लिंग नाही, आणि फिनिशमधील १५ विभक्तींच्या तुलनेत एस्टोनियनमध्ये १४ आहेत. त्यामुळे हेलसिंकीहून जहाजाने सुमारे दोन तासांत टालिनला उतरून पुढे १६३२ साली स्थापन झालेल्या तार्तू विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वाटेतल्या पाट्या ओळखीच्या वाटतात.

खरी अडचण उच्चारांची आहे. एस्टोनियनने अनेक शब्दांचे अंत्य स्वर गाळले, म्हणून डोळ्यासाठीचा फिनिश 'सिल्मॅ' तिथे 'सिल्म' होतो. शिवाय फिनिशमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असा दुहेरी भेद असताना एस्टोनियनमध्ये तो तिहेरी आहे, आणि यातली तिसरी, म्हणजे अतिदीर्घ, पायरी पुष्कळदा लिखाणात दिसतच नसल्याने ती बोलणाऱ्यांच्या सहवासातूनच आत्मसात करावी लागते. इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रमावर विसंबून राहण्यात अशा विद्यार्थ्याचे मोठे नुकसान आहे, असे मला मनापासून वाटते, कारण बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांपेक्षा ही भाषा त्याला लवकर येऊ शकते. बाजारात आणि वसतिगृहात त्याने पहिल्या आठवड्यापासून एस्टोनियनच बोलावी.