झिरो माईल ते झिरो पॉइंट

नागपूर,
होळीनंतरचा रविवार

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. आईबाबांना पहिल्यांदा हिमालय दाखवायचा म्हणतेस, फार बरं वाटलं. पण सात दिवसांत एकोणीस ठिकाणं? मार्च एंडिंगला बिलं काढावीत तशी तू ठिकाणं काढली आहेस. नैनितालला दुपारचं जेवण आणि रात्री मसुरी, असंही एका ओळीत दिसलं. नकाशावर ती दोन बोटं जवळजवळ दिसतात खरी. गाडीने नऊ-दहा तास लागतात आणि त्यातला बराचसा वेळ एक तर तुझी आई उलटी करत असेल, नाहीतर तू तिची पाठ चोळत असशील. डोंगरात किलोमीटर विचारायचे नसतात, तास विचारायचे. तासाला वीस-पंचवीस किलोमीटर धर, म्हणजे फसणार नाहीस.

मसुरी, ऋषिकेश, औली हे सगळं उत्तराखंडातलं गढवाल. ते या खेपेला काढून टाक. त्याच राज्यातल्या एकट्या कुमाऊँला जा. तिथे मुक्काम करायची बहुतेक गावं अडीच हजार मीटरच्या आत आहेत, त्यामुळे बाबांना विरळ हवेचा त्रास होण्याची भीती जवळजवळ नाही. तुझा मित्र विमानाने थेट लेहला उतरणार आहे ना, त्याला मात्र सांग, पहिले दोन दिवस खोलीत गप्प पडून राहा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि आपण तीनशे दहा मीटरवरची माणसं.

आता महिन्याचं. मे काढ, दिवाळीनंतरचं बघ. तुला वाटेल, म्हाताऱ्याला काय कळतं, इथे पंचेचाळीस डिग्री असताना तर तिकडे जायचं. मलाही तसंच वाटायचं. नोकरीत असताना मे महिन्यातच सुट्टी मिळायची, म्हणून बायको-पोराला घेऊन कौसानीला गेलो. हॉटेलचा गच्चीभर बोर्ड होता, कोणतं शिखर कुठे ते रंगवलेला. बोर्डच्या पलीकडे राखाडी पडदा. हॉटेलवाला रोज सकाळी चहा देताना म्हणायचा, "कल पक्का दिखेगा, साब." तीन सकाळी गेल्या. खाली दरीसुद्धा धड दिसली नाही. नंतर एका ड्रायव्हरने समजावलं. उन्हाळ्यात चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, वाळलेल्या सुया जमिनीवर गाद्यांसारख्या पडतात, तिकडे त्याला पिरूळ म्हणतात. ठिणगी पडली की जंगलं पेटतात. तो धूर आणि खालच्या मैदानातली धूळ हवेत लटकून राहते, पाऊस पडेपर्यंत. त्या बोर्डचा फोटो अजून आमच्या अल्बममध्ये आहे, पोराने खाली लिहिलंय, 'हिमालय (कल्पना करा)'.

पुन्हा गेलो ते निवृत्तीनंतर, नोव्हेंबरात. पावसाने हवा धुतलेली. त्याच कौसानीत सकाळी सहाला टपरीवर उभा राहून मी समोरच्या डोंगराच्या कडेवर नजर फिरवत होतो. काही नाही. नुसते ढग. टपरीवाल्याने माझी हनुवटी बोटाने वर उचलली, अक्षरशः. ढगांच्या वर, जिथे आभाळच असायला पाहिजे तिथे, त्रिशूल शिखर होतं. आयुष्य मोजणीत, उंचसखलपणा मोजायच्या लेव्हल यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावून गेलं बघ, आणि लेव्हल आडवंच बघते. मानेला वर जायची सवयच नव्हती.

तेव्हा सकाळ चुकवायची नाही. दहा-अकरानंतर शिखरांवर ढग चढतात आणि मग दिवसभर हॉटेलवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. थंडी असेल, बाबांची माकडटोपी न लाजता घे.

दिल्लीहून काठगोदामला रात्रीची गाडीही आहे आणि सकाळची शताब्दीही. रूळ तिथे संपतात. तिथून तीन-साडेतीन तासांत अल्मोडा. वाटेत आईला सांगायला एक गंमत. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. अल्मोड्याचा बाजार साधारण तेवढ्याच उंचीवर भरतो! नैनितालमध्ये जाता-येता तलाव बघ, राहू नको. हे माझं मत, तुला नावेत बसायचंच असेल तर आपला अंबाझरी तलाव काय वाईट आहे?

अल्मोड्यात किमान तीन रात्री. लाला बाजारात जुन्या घरांच्या कोरीव लाकडी खिडक्या आहेत, दुकानाच्या पाट्यांच्या वर बघावं लागतं. बाल मिठाई सगळेच घेतात, तू सिंगोडीही घे, पानाच्या कोनात खवा भरलेला असतो. जेवताना मडुव्याची भाकरी माग. मडुवा म्हणजे आपली नाचणी. गहत म्हणजे कुळीथ. आईला परकं वाटणार नाही. बाबांना भांगेच्या बियांची चटणी मिळाली तर आधी नाव सांगू नको, खाऊन झाल्यावर सांग.

शहराबाहेर चितईला गोलू देवतेचं देऊळ आहे. हा न्यायाचा देव. लोक त्याच्याकडे स्टॅम्पपेपरवर अर्ज लिहून टांगतात, काम झालं की घंटा बांधतात. घंटा किती ते मोजायच्या फंदात पडू नको. अर्ज मात्र वाच, जमिनीचे वाद, बदल्या, लग्नं. आपल्या ऑफिसातल्या आवक-जावक रजिस्टरपेक्षा तिथला निपटारा बरा असावा, असं लोकांच्या श्रद्धेवरून वाटतं.

कटारमलचं सूर्यमंदिर चढाचं आहे, आईचे गुडघे बघून ठरव. तिथले कोरीव लाकडी दरवाजे आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, परतीच्या गाडीला वेळ असेल तर तिथे बघता येतील. माझ्या मते मात्र त्या भागात एकच देवस्थान निवडायचं असेल तर जागेश्वर. बर्फ दिसत नाही, म्हणून बरेच जण अर्ध्या तासात निघतात. अरुंद दरी, शेजारून वाहणारी बारीक जटागंगा, आणि देवदारांच्या मधोमध दगडी देवळांचा घोळका, लहानमोठी सव्वाशेच्या आसपास. काही माणसाच्या उंचीचीही नाहीत. गडचिरोलीकडचं मार्कंडा तू पाहिलंयस, तेव्हा दगडकाम वाचायची सवय आहे तुला. तिथे मात्र आई भांडणार, आधीच सांगतो. ज्योतिर्लिंगांच्या श्लोकातलं 'नागेशं दारुकावने' हे आमचंच, असं तिथले लोक म्हणतात, दारुकावन म्हणजे देवदारांचं वन. आणि आपल्याकडे तर नागनाथ औंढ्याला! गुजरातेत द्वारकेजवळही एक दावेदार आहे. भांडू दे तिला पुजाऱ्याशी. आमच्या घरच्यांचं तासभर चाललं होतं आणि शेवटी पुजाऱ्याने चहा पाजला.

बिनसरला दोन रात्री राहा. अभयारण्य आहे, बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांचं दाट जंगल. दिवसभर वीज असेलच असं धरू नको, पॉवर बँक भरून ठेव. विश्रामगृहापासून जंगलातून पायवाट निघते, दीड-दोन किलोमीटर, फार चढ नाही. तिच्या टोकाला निरीक्षणाची जागा, तिचं नाव झिरो पॉइंट. नाव ऐकून मला हसू आलं. झिरो माईलचा दगड असलेल्या नागपूरचा माणूस मी. हवा साफ असली तर चौखंबापासून पंचाचूलीपर्यंत रांग दिसते आणि मध्ये नंदादेवी, ७८१६ मीटर. म्हणजे नागपूरची उंची पंचवीस वेळा एकावर एक रचायची.

नंदादेवी दिसली की आईला हेही सांग. त्या डोंगरातले लोक नंदेला लग्न करून दिलेली लेक मानतात, कैलासाला सासर. भाद्रपदात नंदाष्टमीला अल्मोड्यात तिची जत्रा भरते. आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्या होतात, तेच दिवस. दोन्हीकडे माहेरवाशीणच.

कौसानीला एक रात्र पुरे. गांधीजी १९२९ साली तिथे राहिले होते, त्यांची खोली अनासक्ती आश्रमात आहे. पण मला जास्त ओढ सरलाबेनच्या लक्ष्मी आश्रमाची. इंग्लंडहून आलेली ही बाई आपल्या सेवाग्रामला राहिली, वर्ध्याचा उन्हाळा आणि मलेरिया सोसेना म्हणून कुमाऊँत गेली आणि तिथे पहाडी मुलींसाठी आश्रम काढला. वर्ध्याचं ऊन माणसाला कुठे नेऊन सोडेल सांगता येत नाही.

पुढे बागेश्वरला शरयू आणि गोमतीच्या संगमावर गाडी थांबव. दिसायला साधा घाट आहे. इंग्रज साहेबांचं सामान फुकट वाहायची सक्ती पहाडी माणसांवर होती, कुली बेगार म्हणत. डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याला कुमाऊँचे पुढारी आले होते. परत जाऊन काही आठवड्यांत, जानेवारी १९२१ च्या उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे आणि मंडळींनी बेगारीची रजिस्टरं या संगमात बुडवली. माझा निम्मा जन्म मस्टर रोल, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, भरण्यात गेला. मी त्या घाटावर जरा जास्तच वेळ बसलो.

तुझ्या यादीतली पाताळ भुवनेश्वरची गुहा आईबाबांसाठी नाही. साखळी धरून अरुंद बोगद्यातून सरपटत उतरावं लागतं. तू जा, त्यांना वर उन्हात बसव.

आणि मुनस्यारी. अल्मोड्याहून सात-आठ तास. आईची तब्येत तोवर रुळली असेल तरच. वाटेत बिर्थीचा धबधबा, मग कालामुनी खिंड, आणि वळण घेतलं की पंचाचूलीची पाच शिखरं समोर उभी, गावाच्या अगदी छातीवर. तिथून वर जोहार खोरं जातं. १९६२ पर्यंत तिथली माणसं तिबेटशी व्यापार करत, मग सरहद्द बंद झाली आणि मिलमसारखी गावं ओस पडली. त्या मिलमचा नैनसिंग रावत तुला माहीत असायलाच हवा, आपल्याच धंद्यातला माणूस. शाळामास्तर होता. सर्वेक्षण खात्याने त्याला डेहराडूनला एकसारखं पाऊल टाकायला शिकवलं, दोन हजार पावलांना एक मैल. तिबेटात मोजणी चोरून करायची, म्हणून जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींचे कागद, कवड्यांत लपवलेला पारा. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून उंची काढायचा. १८६६ च्या जानेवारीत हा ल्हासाला पोचला, चालत, मोजत. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. तू मोजणीच्या यंत्राची, टोटल स्टेशनची, बॅटरी उतरली की साइट सोडून यायचीस, आठवतं?

जाताना आपली संत्री पेटीभर घे, आंबिया बहाराची तोवर आलेली असतील. तिकडचे लोक माल्टा, म्हणजे तिकडचं संत्र्यासारखं फळ, देतील, मीठ-मसाला लावून. बदल्यात बदली.

आता एक काम. बिनसरच्या विश्रामगृहाच्या पायरीपासून झिरो पॉइंटपर्यंत तुझी पावलं मोज. मोबाइलवर नाही, तोंडाने. जाताना मोज, येतानाही मोज. लेव्हलिंगमध्ये परत बीएमवर, म्हणजे सुरुवातीच्या बेंचमार्कवर, येऊन मोजणी क्लोज करतो, तसंच. दोन आकड्यांत फरक येईलच, किती आला ते कळव. माझे दोन्ही आकडे वहीत आहेत, तुझे आल्याशिवाय सांगणार नाही. मधे आई थांबायला सांगेल आणि आकडा विसरशील. विसरलीस तर दुसऱ्या सकाळी पुन्हा.

तुझा,
साहेब