पाठपुराव्याने मुदत थांबत नाही

डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा दूरशिक्षण अभ्यासक्रम, कर्ज काढून आगाऊ भरलेली फी, चार महिन्यांत बंद पडलेली सरावाची लॅब आणि पुढे नुसती जुनी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं. अशी पत्रं मला वरचेवर येतात. तुमचंही तसंच, आणि फी परत कशी मिळवायची हा तुमचा प्रश्न. ‘फी परत मिळणार नाही’ या करारातल्या अटीबद्दल तुम्ही दोन पानं लिहिली आहेत. मी मात्र एकाच ओळीवर थांबलो: लॅब बंद होऊन एकवीस महिने झाले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या यंत्रणेकडे) तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्याकडे तीन महिने उरलेत. दर पंधरवड्याला तुम्ही ईमेल करत राहिलात आणि ‘वरिष्ठांकडे पाठवलं आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानत राहिलात. त्याने मुदत एक दिवसही वाढत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरच्या तक्रारीनेही नाही. पुरेसं कारण दाखवल्यास आयोग उशीर माफ करू शकतो, पण ‘उत्तराची वाट पाहत होतो’ एवढ्यावर विसंबू नका.

करारातल्या लवादाच्या कलमाने, म्हणजे वाद खासगी लवादाकडेच नेण्याच्या अटीने, घाबरू नका. असं कलम ग्राहक आयोगाची वाट अडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात मान्य केलं आहे. कंपनी परराज्यातली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार चालते. ‘आम्ही शिक्षणसंस्था, ग्राहक कायद्याबाहेर’ हा बचाव येईलच. विद्यापीठांच्या बाबतीत तो टिकलेला आहे. खासगी प्रशिक्षण कंपनीचा टिकेलच असं नाही. प्रमाणपत्र विद्यापीठाचं असेल तर करार पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ यावरच उभी करा. करारच अन्यायकारक आहे असं म्हणायला गेलात तर ते प्रकरण जिल्हा नव्हे, राज्य आयोगाकडे जातं. बंद पडलेला डेटाबेस बॅकअपवरून पुन्हा उभा करणं सर्व्हरवर हात चालवल्याशिवाय येत नाही, हे स्पष्ट लिहा. लॅब ही जादा सोय नव्हती, शिकवणीचा गाभा तीच होती.

करार न वाचता फी भरली, असं तुम्हीच कळवलंय. निदान पुरावा तरी हातचा घालवू नका. लॅबचं आश्वासन देणारं माहितीपत्रक, लॉगिनचे स्क्रीनशॉट, सगळे ईमेल आजच उतरवून घ्या. तुमचं खातं बंद करणं कंपनीच्या हातात आहे. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आधी नोटीस द्यायलाच हवी असं नाही. द्यायचीच तर पंधरा दिवसांची द्या आणि सोळाव्या दिवशी ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार दाखल करा. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडून वर्षं जातात, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो. म्हणूनच कर्जाचे हप्ते परस्पर थांबवू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीलाही तक्रारीत विरुद्ध पक्ष करा आणि हप्त्यांना स्थगिती आयोगाकडेच मागा.