वाचकांचे प्रश्न : चित्रीकरणासाठी हातातला एलईडी दिवा

छायाचित्रण आणि चित्रीकरण यांसाठी बॅटरीवर चालणारा, पिशवीत मावणारा एलईडी दिवा कसा निवडावा आणि कसा वापरावा, याविषयी खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘किती वॅटचा घेऊ?’ या प्रश्नाने होते. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. दिवा कोठे ठेवायचा, त्याचा उजेड किती पसरट करायचा आणि त्यात रंग खरे दिसतात का, हे आधी ठरले पाहिजे. निवडक पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी यावल तालुक्यात राहते आणि आपल्याकडच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ मोबाइलवर करते. दिवसा शेतीची कामे असल्यामुळे चित्रीकरण रात्रीच होते. ट्यूबलाइटखाली भरीत राखेसारखे दिसते, कांद्याची पात मळकट होते आणि पडद्यावर काळे पट्टे सरकत राहतात. दुकानदार 60 वॅटचा दिवा घ्या म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : ताई, 60 वॅटचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपली अडचण उजेड कमी पडण्याची नाही. आपल्या स्वयंपाकघरात एकाच वेळी दोन-तीन जातींचा उजेड आहे, ही खरी अडचण आहे. ट्यूबलाइटचा उजेड हिरवट असतो, ओट्यावरच्या पिवळ्या बल्बचा साधारण 2700 केल्विनचा असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप: आकडा लहान तेवढा उजेड तांबूस, मोठा तेवढा निळसर), आणि तिन्हीसांजेला खिडकीतून येणारा निळसर उजेड त्याहून निराळा. आपला डोळा हा फरक सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला मात्र एका वेळी एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगाची जुळवणी, धरता येतो, आणि तो एका उजेडाला जुळवला की दुसऱ्या उजेडातला भाग विटका दिसू लागतो. म्हणून नवा दिवा लावण्याआधी घरातले बाकीचे दिवे बंद करावेत. ट्यूबलाइट तशीच ठेवून वर एलईडी लावलेल्या चित्रीकरणाचे रंग पुढे संगणकावर कितीही बसवले तरी नीट बसत नाहीत.

पट्ट्यांचे कारण विजेत आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटचा आणि स्वस्त बल्बचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो, आणि मोबाइलच्या शटरची गती त्या लयीशी जुळली नाही की पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये, जेथे हे सगळे हाताने ठरवता येते, शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवले की ते जातात किंवा अगदी फिके पडतात. बॅटरीवरच्या चांगल्या एलईडी दिव्यात हा त्रास नसतो. स्वस्त दिवे मात्र उजेड कमी करताना आतल्या आत अतिवेगाने लागत-विझत राहतात, आणि तेथे पट्टे पुन्हा उगवतात. दुकानातच दिवा अगदी मंद करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याचे थोडे चित्रीकरण करून पाहावे. दिवा लुकलुकत असेल तर तो तेथेच ठेवून यावे.

आता रंगाचे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावरच्या पिवळसर फॉस्फरच्या लेपामुळे त्याचा उजेड पांढरा दिसतो. (हा निळा एलईडी साधल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) हलक्या प्रतीच्या दिव्यात या उजेडातला गडद लाल भाग तोकडा पडतो, आणि मग लाल मिरची तपकिरी, कुंकू जांभळट आणि माणसाची त्वचा आजारी दिसते. दिव्यात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा जो आकडा खोक्यावर सीआरआय म्हणून छापतात तो 95 किंवा अधिक असावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. तो आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल रंग त्या आठांत नसतो. त्याचा आकडा आर9 या नावाने वेगळा देतात, तो आवर्जून विचारावा. दिलेला नसेल तर घरून एक लाल मिरची आणि कांद्याची हिरवी पात सोबत न्यावी, दिव्याखाली आपल्या तळहातावर ठेवून फोटो काढावा, मग दुकानाबाहेर सावलीत दिवसाच्या उजेडात तसाच दुसरा काढावा आणि दोन्ही शेजारी शेजारी पाहावेत.

राहता राहिले वॅट. आपला ओटा आणि मोबाइल यांच्यात दोन-तीन फुटांचे अंतर असते, आणि तेवढ्या अंतरासाठी 15 ते 20 वॅटचा चांगला दिवा पुरतो. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड जवळजवळ चौथाई होतो. म्हणजेच दिवा निम्म्या अंतरावर आणणे हे चौपट शक्तीचा दिवा विकत घेण्यासारखेच आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दिवा मोबाइलच्या शेजारी किंवा वर बसवू नये. समोरून आलेल्या उजेडात ठेचलेले वांगे, शेंगदाणे, मिरचीचे तुकडे हे सगळे एकसपाट लगदा दिसते. भांडे घड्याळाच्या मध्यभागी आहे आणि मोबाइल 6 च्या जागी आहे असे धरले, तर दिवा 10 किंवा 2 च्या जागी, भांड्यापेक्षा थोडा उंच ठेवावा आणि दिवा व भांडे यांच्यामध्ये शुभ्र सुती कापड ताणून लावावे. जुने धुतलेले धोतर यासाठी उत्तम. पिवळट झालेले कापड नको, कारण त्याचा पिवळेपणा थेट अन्नावर उतरतो. कापड दिव्याला चिकटवू नये, एक-दीड फूट पुढे टांगावे. म्हणजे पूर्ण कापडच दिवा होते, उजेड पसरट येतो आणि सावल्यांच्या कडा मऊ पडतात. समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा उभा केला की अंधारी बाजूही उजळते. मागून आलेल्या उजेडात वाफ दिसते, तेल चमकते, आणि पातीचा हिरवा रंग हिरवाच राहतो.

खापरावरच्या मांड्यांचे चित्रीकरण आपण करीत असाल, तर एक गोष्ट मुद्दाम करून पाहावी. मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढतो आणि खापरावर पडण्याआधी क्षणभर हातांवर पसरलेला असतो. त्या क्षणी दिवा मांड्याच्या मागे असेल, तर उजेड कणकेतून आरपार येतो: कडेचा पातळ पदर उजळतो, मधले पुरण सावळे दिसते आणि खालून आधार देणाऱ्या बोटांच्या सावल्या त्यावर हलताना दिसतात. हे कसब समोरून लावलेल्या कितीही मोठ्या दिव्यात दिसणार नाही. दिवा चुलीच्या धगीपासून आणि धुरापासून तेवढा लांब असावा.

प्रश्न : अमळनेरजवळच्या आमच्या गावी श्रावणात घरी कानबाई देवी बसते. रात्रीच्या जागरणाचे चित्रीकरण करताना एलईडी दिवा लावला की आजी आणि काकू डोळ्यांवर हात धरतात, आणि समईचा सोनेरी उजेडही नाहीसा होतो. दिवा न लावावा तर काहीच दिसत नाही. काय करावे?

उत्तर : आजींनी डोळ्यांवर हात धरला, तेथेच उत्तर आहे. पूर्वी लग्नांच्या चित्रीकरणात 1000 वॅटचे हॅलोजन नवरानवरीच्या तोंडावर धरले जात आणि घामाने मळवट उतरे, हे मी स्वतः वायर सांभाळत उभा राहून पाहिले आहे. ती सवय हातातल्या छोट्या दिव्यानेही चालू राहावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. जागरण हे देवीसाठी आहे. गाणाऱ्या बायांना आपला दिवा आहे की नाही हे कळूही नये, इतक्या बेताने तो लावावा.

समईच्या ज्योतीचा उजेड साधारण 1900 केल्विनचा, म्हणजे अगदी तांबूस असतो. आपला दिवा 5600 केल्विनवर ठेवला की तो निळसर उजेड ज्योतीचा सोनेरीपणा गिळून टाकतो. दिव्याचा रंग बदलता येत असेल तर तो सर्वांत खालच्या आकड्यावर, 3200 किंवा 2700 वर, आणावा आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही हातानेच 3200 च्या आसपास धरावा. चेहरे उबदार दिसतील आणि ज्योत त्यांच्याहून थोडी अधिक तांबूस दिसेल, जशी ती प्रत्यक्षात दिसते. उजेड दहा टक्क्यांपर्यंत उतरवावा आणि दिव्याचे तोंड माणसांकडे न ठेवता भिंतीकडे किंवा छताकडे करावे.

येथे एक सांभाळायचे आहे. आपल्या घरांच्या भिंती बहुधा निळ्या, हिरव्या किंवा गुलाबी असतात, आणि भिंतीवरून परतलेला उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो. हिरव्या भिंतीवरून आलेल्या उजेडात सगळे चेहरे हिरवट होतील. अशा घरात कोपऱ्यात एक पांढरी चादर टांगावी आणि दिवा तिच्यावर मारावा. मोबाइलमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करावा, नाहीतर ज्योत हलली की सगळे चित्र उजळ-अंधारे होत राहते. आणि रोट, आरती अशा प्रसंगी घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारूनच दिवा लावावा.

प्रश्न : जळगावात आमचे सोन्याचे छोटे दुकान आहे. ग्राहकांना मोबाइलवर दागिन्यांचे फोटो पाठवतो. एलईडी दिवा घेतला, पण 22 कॅरटचे सोने कधी पांढरे, कधी हिरवट दिसते आणि मधोमध काळी रेघ येते.

उत्तर : घासून चमकवलेले सोने हा आरसा आहे. आपण फोटो काढतो तो निम्मा सोन्याचा आणि निम्मा त्यात पडलेल्या प्रतिबिंबाचा असतो. पांढरे डाग हे उघड्या दिव्याचे प्रतिबिंब आहे, आणि काळी रेघ बहुधा आपल्या मोबाइलची, हाताची किंवा अंधाऱ्या छताची आहे. म्हणून दागिन्याला जे दिसेल ते सर्व पांढरे करावे. दागिन्याभोवती ट्रेसिंग पेपरचा छोटा मांडव उभारावा, दिवा मांडवाच्या बाहेरून लावावा आणि मोबाइलला पुरेल एवढीच फट ठेवावी. मग एखादी बारीक काळी पट्टी मुद्दाम आत धरली, तर पाटलीची गोलाई उठून दिसते. तीच काळी रेघ आता आपण ठरवलेल्या जागी असते.

हिरवटपणाचे कारण दुकानातले शोकेसचे दिवे आहेत. फोटोपुरते ते बंद ठेवावेत, दागिन्याच्या जागी कोरा पांढरा कागद ठेवून त्यावर व्हाइट बॅलन्स घ्यावा आणि मगच दागिना मांडावा. फोटोत सोने अधिक पिवळे करून पाठवण्याचा मोह टाळावा, कारण ग्राहक दुकानात आल्यावर खरा रंग पाहणारच आहे. हिऱ्याच्या दागिन्यांना मात्र वरचा नियम लागू पडत नाही. मऊ उजेडात हिरा मेलेला दिसतो. त्याची लखलख यायची तर मांडवाशिवाय, एका बाजूने छोटा उघडा दिवाच हवा.

टेबलावरच्या लहान मांडणीत उजेड किती काम करतो, हे पाहायचे असेल तर आपल्या जवळच चाळीसगाव आहे. तेथे केकी मूस यांनी वर्षानुवर्षे आपल्या घरातच टेबलावर साध्या वस्तू मांडून अशी छायाचित्रे घेतली, की पाहणाऱ्याला ती मोकळ्या निसर्गातली वाटावीत. त्यांच्या हाती आजचा एलईडी नव्हता. त्यांच्या घरी जतन केलेले ते काम सवडीने जाऊन पाहावे, आणि प्रत्येक चित्रापाशी उजेड कोणत्या बाजूने आला आहे एवढेच शोधावे.

प्रश्न : भुसावळला लग्नसराईत काम करतो. मेमध्ये दिव्याची बॅटरी तासाभरात संपते आणि एक तर फुगली आहे. नवी किती क्षमतेची घ्यावी?

उत्तर : हिशेब वॅट-तासांत करावा, म्हणजे बॅटरीवरचे व्होल्ट आणि एमएएच यांचा गुणाकार करून त्याला 1000 ने भागावे. 7.2 व्होल्ट आणि 6600 एमएएच अशी बॅटरी सुमारे 47 वॅट-तासांची असते. 20 वॅटचा दिवा पूर्ण उजेडावर तिच्यावर दोन तासांहून थोडा अधिक चालतो आणि निम्म्या उजेडावर जवळपास दुप्पट. पॉवर बँकेवर लिहिलेले 10,000 एमएएच आतल्या 3.7 व्होल्टवर मोजलेले असतात, म्हणजे 37 वॅट-तास, आणि रूपांतरात काही भाग वाया जातो. एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन मध्यम बॅटऱ्या बऱ्या. एक तापली की बदलता येते.

आपल्याकडच्या मे महिन्यात सावलीतच पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि बंद गाडीत त्याहून पुष्कळ वर. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, असेच बहुतेक उत्पादक सांगतात. मंडपातून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर न लावता सावलीत निववावी, गाडीत ठेवू नये, आणि हंगाम संपल्यावर निम्मी भरून गार जागी ठेवावी. फुगलेली बॅटरी आजच वापरातून काढावी. ती दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

प्रश्न : मी पाचोऱ्याला महाविद्यालयात शिकतो. अजिंठ्याच्या लेण्यांत छोटा एलईडी दिवा नेऊन चित्रांचे चित्रीकरण करता येईल का?

उत्तर : नाही, आणि करूही नये. चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, आणि आपला दिवा तेथे लावणे हेही त्याच कारणाने गैर आहे. उजेडाने जुने रंग फिके होतात आणि झालेली हानी भरून निघत नाही. एकाने लावलेला दिवा थोडा वाटतो, पण तेथे रोज शेकडो माणसे येतात. खास चित्रीकरण करायचे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आत जेवढा उजेड ठेवलेला आहे तेवढ्यातच आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवून, कोपरे अंगाशी घट्ट धरून, श्वास रोखून फोटो घ्यावा. उन्हातून आत गेल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही, म्हणून आधी पाच-दहा मिनिटे नुसते उभे राहावे आणि डोळे अंधाराला सरावले की मगच मोबाइल काढावा.