कर्व्ह नंतर, आधी सोफा हलवा

होम थिएटरच्या रिसीव्हरसोबत (स्पीकर चालवणाऱ्या डब्यासोबत) आलेला माइक लावून रूम करेक्शन, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज आपोआप सुधारणं, चालवलं की पुढचा प्रश्न ठरलेला: टार्गेट कर्व्ह कोणता ठेवू? म्हणजे करेक्शन झाल्यावर खर्जापासून टिपेपर्यंतचा आवाज कोणत्या रेषेवर बसावा, ती रेषा. जालन्यापासून धाराशिवपर्यंत गोंधळ एकच आहे, म्हणून काही पत्रं एकत्र घेतो.

रेषा अगदी सपाट ठेवली तर आवाज सगळ्यात खरा नाही का? मला मात्र कर्कश वाटतो. खोलीत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती आहेत. (जालना)

नाही. चांगला स्पीकर समोरून सपाट असला, तरी सोफ्यावर मोजला की रेषा टिपेकडे हळूहळू उतरत जाते. खालचा आवाज चहूकडे पसरतो, वरचा एका दिशेने जातो आणि पडदे-गाद्या त्याला पितात. ही उतरण स्वाभाविक आहे. ती ओढून सपाट केली की टिपेचा भाग फुगतो. त्यात तुमची शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. आधी जाड सतरंजी टाका, मग बोलू.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हरमन कर्व्ह’ची फाइल मिळाली. टाकू का? (नांदेड)

कुणाच्या खोलीची? हरमन या ऑडिओ कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी केलेल्या संशोधनाचं नाव घेऊन वाट्टेल त्या रेषा फिरतात. टूल स्वतः सांगत आले आहेत की ही उतरण म्हणजे चांगला स्पीकर साध्या खोलीत ठेवल्याचा परिणाम. कुठल्याही स्पीकरवर लादायची ती रेषा नव्हे. शिवाय बास (खर्ज) किती हवा, हे ऐकणाऱ्यागणिक बदलतं. साधारण १०० हर्ट्झच्या खाली ४ ते ६ डेसिबलचा सौम्य चढ द्या आणि आठवडाभर ऐका. (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची, डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी.) रिसीव्हरमधला डायनॅमिक ईक्यू चालू असेल तर कमी आवाजात तोही बास वाढवतोच. दोन्ही एकदम लावून ‘घुमतंय’ म्हणून लिहू नका. रूम करेक्शनचं सॉफ्टवेअर डिरॅक असो वा ऑडिसीचं अ‍ॅप, करेक्शन किती हर्ट्झपर्यंत चालवायचं ते ठरवता येतं. ३०० ते ५०० वर थांबवा. त्याच्या वर काही करायचं, तर त्या स्पीकरची मोजमापं वाचता येणाऱ्या माणसाला विचारून.

सिनेमागृहातला एक्स-कर्व्ह घरी चालेल का? (बीड)

नाही. २ किलोहर्ट्झच्या वर दर सप्तकाला ३ डेसिबल उतरणारी ती रेषा मोठ्या सभागृहांसाठी आहे.

खोली १२ बाय १६ फूट, सोफा बरोबर मधोमध, सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) टीव्हीच्या भिंतीला. ग्राफमध्ये ३५ हर्ट्झला मोठा खड्डा दिसतो. तिथे ९ डेसिबल वाढवले, तरी भरत नाही. १२ करू का? (लातूर)

अजिबात नको, आणि ९ सुद्धा आजच काढा.

हे पत्र गावाचं नाव बदलून सारखं येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. आवाजाच्या सेकंदाला ३४३ मीटर वेगाला याच्या दुपटीने भागा, ३५ येतात. त्या सुराची लाट तुमच्या खोलीत लांबीच्या दिशेने उभी राहते आणि तिचा दाब बरोबर मध्यावर शून्याजवळ येतो. तुमचा सोफा नेमका तिथे आहे. सबमधून जेवढं जास्त पाठवाल, तेवढंच मागच्या भिंतीवरून परत येऊन त्याला खोडतं. रांजणाला तळाशी भोक असताना वरून घागरी ओतणं आहे हे. आणि ओतायला खर्च येतो: ३ डेसिबलला दुप्पट ताकद, ६ला चौपट, ९ला आठपट, १२ला सोळापट. सबचा अ‍ॅम्प आणि कॉइल हा भार सोसतात. बाकीच्या खुर्च्यांवर, विशेषतः भिंतीलगत, तोच सूर डोकं उठवतो. उंचवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही, हे सॉफ्टवेअर विकणारे ठळक अक्षरांत का छापत नाहीत, कळत नाही.

सोफा टीव्हीच्या भिंतीपासून १० ते साडेदहा फुटांवर न्या. १२ फुटांवर नको, तिथे ७० हर्ट्झचा खड्डा आहे. मग सब सोफ्यावर ठेवा, एक संथ बास-सूर लावा आणि भिंतीकडेने ओणवं होऊन फिरा. जिथे तो सर्वांत एकसारखा ऐकू येईल तिथे सब. घरचे हसतील, हसू द्या. तरीही खड्डा राहिला, तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब लावण्याचा विचार करा. पण खरेदीआधी आरईडब्ल्यू या मोजमापाच्या मोफत सॉफ्टवेअरचा ग्राफ जाणकाराला दाखवा. दुकानदाराला नव्हे. कर्व्हला हात लावायचा तो हे सगळं झाल्यावर.

वडील सत्तरीचे, संवाद कळत नाहीत म्हणतात. टिप वाढवू का? (धाराशिव)

आधी त्यांना कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्या, श्रवणचाचणी होऊ द्या. दिवाळीनंतर वगैरे नको, या आठवड्यात. तोवर सेंटर स्पीकर (मधला, संवादांचा) २ डेसिबल वाढवा आणि तो कपाटाच्या आत ढकललेला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा. ऑडिसीच्या अ‍ॅपमध्ये मिडरेंज कॉम्पेन्सेशन बंद करून पाहा. ते २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम थोडं दाबतं आणि संवादातली स्पष्टता तिथेच असते.

दुकानदाराने सणाच्या ऑफरमध्ये ‘प्रीमियम कर्व्ह’चे वेगळे पैसे घेतले. माणूस आला, माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवला, कूलर चालूच, दहा मिनिटांत गेला. हे बरोबर झालं का? (हिंगोली)

तुम्हीच उत्तर लिहून पाठवलंत. माइक स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीला हवा. पाठीच्या गादीवर ठेवला तर गादीचंच मोजमाप होतं. रिसीव्हर मागेल तेवढ्या सगळ्या जागा घ्यायच्या, कूलर-पंखे बंद. पैसे दिले आहेत तर करेक्शनच्या आधीचा आणि नंतरचा ग्राफ मागा. नसेल तर दुसऱ्या, स्वतःचा माइक घेऊन येणाऱ्या तंत्रज्ञाकडून मोजून घ्या.

परभणीच्या थंडीत केलेलं कॅलिब्रेशन (माइकने मोजून केलेलं करेक्शन) मे महिन्यात पुन्हा करावं लागतं का? (परभणी)

नाही. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना साधारण ३५५. लातूरकरांचा ३५ हर्ट्झचा खड्डा ३६ वर जाईल, एवढंच. मात्र खिडकीत कूलर बसवताना डावा स्पीकर सरकवला असेल, तर पुन्हा मोजा, आणि पहाटे, सगळं शांत असताना मोजा.