चोर्ला उतरण्याआधी गॅरेज कसं शोधाल?

कॅम्पर व्हॅन घेऊन बेळगाव भागात पहिल्यांदाच येताय, तर ब्रेकची शंका गोव्याकडे जाणारा चोर्ला घाट उतरण्याआधीच मिटवून घ्या. निपाणी-संकेश्वरकडे हायवेलगतची टपरीवजा गॅरेजं पंक्चरपुरती ठीक. मोठं काम बेळगावात करा; लेथवरचं काही निघालं तर उद्यमबागेत मशीन शॉप आहेत.

स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, "ह्या मॉडेलचं सामान नेहमी कोण नेतं?" दुकानदाराला मेस्त्री पक्का ठाऊक असतो.

चाक न काढताच "पॅड गेले" म्हणाला, तर तिथं थांबूच नका. काढून दाखवायला सांगा. पॅडचं मटेरियल 3 मिलिमीटरवर आलं असेल तर बदला. ब्रेक ऑइल काळपट दिसलं तर तेही. जुन्या ऑइलनं ओलावा धरलेला असतो, घाटात ते तापून उकळतं अन् पेडल सरळ खाली बसतं. जुना पार्ट मागून घ्या, बिलावर पार्ट नंबर हवाच.

वेल्डिंग असेल तर आधी गॅस सिलिंडर बाहेर ठेवा आणि दोन्ही बॅटऱ्यांचे (इंजिनची आणि आतल्या दिवे-पंख्यांची) निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. ह्यावर "काही होत नाही ओ" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.