ट्रेनिंगची छोटी विमानं इतकी का पडतात? मुलीला पायलट व्हायचंय, पाठवू का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलीला बारावीनंतर फ्लाइंगला जायचंय, पण पेपरात सारखं 'प्रशिक्षणार्थी विमान कोसळलं' असं येतं, आणि दीर म्हणतात ही चाळीस वर्षं जुनी सेसना म्हणजे उडतं भंगार. शिवाय पॅराशूटवालं विमान असतं म्हणतात ते खरं का, हेही तुम्ही विचारलंय. मी इंदूरचा, एएमई, म्हणजे विमानाच्या देखभालीचं लायसन्स असलेला माणूस, नोकरीतली बरीच वर्षं पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानांच्या पोटाखाली लोळण्यात गेली, आता रिटायर. तेव्हा हे उत्तर हँगरमधून आलंय असं समजा, कॉकपिटवाले कदाचित थोडं वेगळं सांगतील.

आधी दिरांचं घेऊ. सेसना 152, म्हणजे शाळांतलं दोन सीटचं छोटं विमान, बनवणं 1985 मध्येच बंद झालं, म्हणजे सगळ्यात तरुण 152 सुद्धा आज चाळिशीत आहे, इथपर्यंत ते बरोबर. पण विमानाचं वय आम्ही वर्षांपेक्षा तासांवर मोजतो. त्या इंजिनाचं 2,400 तासांना पूर्ण ओव्हरहॉल, मधे 50 तासांची, 100 तासांची तपासणी, आणि प्रत्येक स्नॅग, म्हणजे बिघाड, लॉगबुकात. उलटं उदाहरण सांगतो. एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेत डेटोना बीचला एका विमान विद्यापीठाच्या पायपर अ‍ॅरोचा पंखच उडताना निखळला, विद्यार्थी आणि परीक्षा घेणारा दोघं गेले. विमान 2007 चं, म्हणजे तसं नवंच, पण साडेसात हजारांवर तास झालेलं आणि तेही ट्रेनिंगचे, म्हणजे दिवसभर उतर-चढ, उतर-चढ. मेन स्पारला, म्हणजे पंखाच्या मुख्य दांड्याला, बोल्टच्या भोकापाशी थकव्याची चीर गेली होती, बाहेरून दिसणं शक्यच नाही. त्यानंतर एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं, त्या जातीच्या विमानांची भोकं एडी करंटनं, म्हणजे विजेनं आतली चीर शोधून, तपासायला लावली. सांगायचं काय, तर गाडी कोणत्या सालची यापेक्षा तिच्यावर हात कोण फिरवतंय ते बघा.

यंत्रानंच दगा दिला असं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे हवाईदलाचं एचपीटी-32 'दीपक'. एचएएल या सरकारी विमान कंपनीचं, हवाईदलाची कितीतरी पोरं त्याच्यावर उडायला शिकली, पण इंधनाच्या व्यवस्थेत अशी काही खोट की इंजिन हवेत बंद पडायचं, आणि बंद पडल्यावर ते तरंगतही फार नसे. 17 अपघात, 19 वैमानिक गेले. शेवटी जुलै 2009 मध्ये हैदराबादजवळ दोन इन्स्ट्रक्टर गेले तेव्हा सगळी विमानं जमिनीवर बसवली, आणि 2013 मध्ये स्वित्झर्लंडचं पिलाटस पीसी-7 आलं. दोघंही इन्स्ट्रक्टर होते हे लक्षात घ्या, शिकाऊ कोणीच नव्हतं.

पण दीपक हा अपवाद. अमेरिकेत एओपीए म्हणून पायलट लोकांची संघटना आहे, ती छोट्या विमानांच्या अपघातांचा रिपोर्ट काढते, त्यात वर्षानुवर्षं साधारण तीन चतुर्थांश अपघात पायलटच्या खात्यावर जातात, यंत्र बऱ्याच मागे. आणि ट्रेनिंगमध्ये जीव जाण्याचं प्रमाण हौसेनं स्वतःचं विमान उडवणाऱ्यांपेक्षा कमीच असतं, कारण शेजारी कोणीतरी बसलेलं असतं किंवा खालून कोणीतरी बघत असतं. सगळ्यात जास्त होतात ते लँडिंगचे अपघात. विमान टप्पा खातं, पोरगं घाबरून नाक खाली दाबतं, पुन्हा टप्पा, नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, वाकतं, प्रोपेलर जमिनीला लागतो, किंवा आडव्या वाऱ्यात रनवे सोडून गवतात. आमचं काम वाढतं, विमा कंपनीचं डोकं दुखतं, मुलं मात्र बहुधा चालत बाहेर येतात. पेपरात तेही 'कोसळलं' म्हणूनच छापतात.

जीव घेतो तो स्टॉल, आणि तोही जमिनीजवळचा. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, इंजिन छान चालू असतं, वेग कमी पडून पंखावरची हवा सुटते आणि पंख विमान उचलेनासा होतो. 152 चा स्टॉल सरळ उडताना, फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या पट्ट्या, न लावता 48 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). वळताना विमान 45 अंश कलवलं की तोच आकडा 57 होतो, 60 अंशाला 68. आणि लँडिंगला येताना वेग असतो 60-65. आता चित्र बघा. मुलगी सोलोवर, म्हणजे एकटीच, आहे, सर्किट मारतेय, म्हणजे रनवेभोवतीची हजार फुटांवरची चौकोनी फेरी, बेसवरून, म्हणजे फेरीच्या आडव्या बाजूवरून, फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, वळतेय, उंची पाचशेच्या आसपास. मागून वारा आहे, त्यामुळे रनवेची रेघ पुढे निघून गेली. आणखी कलवायला भीती वाटते म्हणून ती नकळत आतला रडर, म्हणजे शेपटी वळवणारं पायातलं पेडल, दाबते, नाक रनवेकडे यावं म्हणून, मग नाक खाली जातं म्हणून हातातलं कंट्रोल मागे ओढते. आतला पंख आधी सोडतो आणि विमान त्या बाजूनं गिरकी घेत खाली, यालाच स्पिन म्हणतात. सेसनाच्याच पुस्तकात लिहिलंय की एका गिरकीचा स्पिन आणि त्यातून बाहेर येणं याला निदान हजार फूट धरा. तिच्याकडे पाचशे आहेत. म्हणून स्टॉल-स्पिनची रिकव्हरी पाठ असणं एक आणि त्या वळणावर मुळात तिथपर्यंत न पोचणं दुसरं, आणि चांगला इन्स्ट्रक्टर दुसऱ्यावरच घसा फोडतो: रेघ चुकली, गो-अराउंड कर, म्हणजे न उतरता वर जा, पुन्हा ये, पेट्रोल कोणाच्या बापाचं जात नाही. (जातं, तुमचंच जातं, पण जाऊ दे.)

टेकऑफनंतर इंजिन गेलं तरी गोष्ट तीच. तीनशे फुटांवर इंजिन गप झालं की जीव म्हणतो मागे वळ, रनवे तिथंच आहे. वळायला लागतात दोनशेच्या वर अंश आणि उंची तेवढी नसते. समोर जे काही शेत असेल त्यात उतरायचं, विमान गेलं तर गेलं. हे शंभर वेळा घोकून घ्यावं लागतं कारण त्या क्षणी डोकं चालत नाही.

विमानाची जातही फरक करते, अगदीच नाही असं नाही. पायपर टॉमाहॉक हे ट्रेनिंगचं विमान मुद्दाम असं बनवलं की स्टॉल खराखुरा कळावा, त्याचे एकूण अपघात सेसना 150-152 पेक्षा कमी, पण स्टॉल-स्पिनचं प्रमाण तीन ते पाच पट निघालं. 152 त्या मानानं गरीब गाय आहे.

आता माझ्या हँगरचा विषय, यावर मी जास्त बोलणार, कारण हा कोणी सांगत नाही. माळव्यातला पावसाळा. बाहेर बावीस-पंचवीस अंश, हवा ओलीकच्च, उडायला छान वाटतं, आणि कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला याच्याइतका चांगला मोसम नाही. खरंच, बर्फ. आत पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना तापमान तीस अंशांनीसुद्धा खाली येऊ शकतं, मग ओली हवा तिथंच गोठते आणि आरपीएम हळूहळू उतरतो. यावर उपाय म्हणजे कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी, खुंटी ओढणं. पण गंमत अशी की ओढल्यावर इंजिन आधी आणखी खोकतं, कारण वितळलेलं पाणी त्याच्या पोटात जातं, आणि नवखं पोर घाबरून खुंटी परत आत ढकलतं. ती ओढलेलीच ठेवायची असते, अर्धं मिनिट जीव मुठीत धरून. आणि खाली उतरेपर्यंत बर्फ विरघळलेला असतो, म्हणजे आम्ही इंजिन उघडतो तेव्हा काही सापडत नाही आणि सगळे आमच्याकडे बघतात.

दुसरं, टाकीतलं पाणी. विमान रात्रभर पावसात उभं, पंखावरच्या टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं, पाणी आत झिरपतं. म्हणून सकाळी पहिल्या सॉर्टीआधी, म्हणजे उड्डाणाआधी, पंखाखालच्या ड्रेनमधून छोट्या पारदर्शक कपात पेट्रोल काढून बघतात. आपलं एव्हिएशन पेट्रोल निळसर असतं, पाणी जड, ते तळाशी गोळा होऊन काचेच्या मण्यासारखं हलतं. एकदा दिसलं की दिसलं. फसवणूक होते ती कपात सगळंच पाणी आलं तर, कारण मग रेघच दिसत नाही, म्हणून प्रकाशात धरून रंग बघायचा आणि वास घ्यायचा. मुलीला हे दाखवतात का, की हेल्पर करतो आणि ती नुसती सही करते, ते विचारा.

मे महिन्यात उलटं. इंदूर विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, चाळीस अंश उन्हात हवा इतकी पातळ की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांच्या वर आहोत. 110 हॉर्सपॉवरच्या इंजिनाची ताकद त्यात सहावा-सातवा भाग कमी. वजनाची कमाल 757 किलो, रिकामं विमान पाचशेच्या वर, भरलेली टाकी सत्तर किलो, त्यात दोन धडधाकट माणसं, झालं, काटा टेकला. म्हणून पहाटेच्या बॅचेस असतात, मुलांना छळायला नव्हे.

मध्य प्रदेशातल्या दोन बातम्या तुमच्या डोक्यात असतील. जानेवारी 2023, रीवा, रात्रीची वेळ, धुकं, सेसना मंदिराच्या शिखराला आणि विजेच्या तारांना लागली, इन्स्ट्रक्टर गेले, विद्यार्थी जखमी. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं डायमंड डीए-40 बालाघाटच्या डोंगरात पडलं, इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थिनी दोघंही. कारणांचं मी इथे बोलत नाही, ते तपासणाऱ्यांचं काम, आपल्याकडे 2012 पासून एएआयबी हे वेगळं खातं आहे आणि त्यांचे रिपोर्ट नेटवर कोणालाही वाचता येतात. दिरांना वाचायला द्या. मी एवढंच म्हणेन की रात्र, धुकं आणि डोंगर या तिघांपुढे छोट्या विमानाकडे द्यायला फारसं काही नसतं. आणि आगाऊपणापुढे तर मोठमोठे टिकले नाहीत, जून 1980 मध्ये दिल्लीच्या सफदरजंगवर संजय गांधींचं पिट्स हे कसरतींचं छोटं विमान गेलं ते खाली कसरती करताना. आजही गावावरून खाली येऊन मित्रांना हात दाखवणारी पोरं आहेतच.

मग शाळा कशी बघायची? चकचकीत ब्रोशर सोडा. सीएफआयना, म्हणजे शाळेच्या मुख्य इन्स्ट्रक्टरना, विचारा, गेल्या पावसाळ्यात किती दिवस उड्डाण बंद ठेवलं आणि ते कोण ठरवतं. उत्तर देताना मालकाकडे बघत असतील तर उठा. विद्यार्थ्यानं स्नॅग लिहिला की विमान खाली बसतं की 'अगं एक सॉर्टी मार, मग बघू' असं होतं, हे कॅन्टीनमध्ये जुन्या मुलांना विचारा, ती बरोबर सांगतात. एका विमानामागे किती मुलं, हेही. गर्दी असेल तर लायसन्सला लागणारे 200 तास पुरे करायची घाई होते आणि घाईतच नको तेव्हा उडवलं जातं. 2025 पासून डीजीसीए, म्हणजे आपलं विमान वाहतुकीचं सरकारी नियंत्रण खातं, फ्लाइंग स्कूलची श्रेणीवार क्रमवारी काढतं, त्यात सुरक्षेलाही मार्क असतात, ती नक्की बघा. आणि शक्य असेल तर मुलीला घेऊन इंदूर विमानतळाजवळच्या बिजासन टेकरीवर जा, मोठ्या विमानामागे छोटं विमान किती वेळ थांबून राहतं ते तिला दाखवा, कारण एअरबसच्या मागे सुटलेल्या भोवऱ्यात सेसना उलटीपालटी होऊ शकते.

पॅराशूटचं खरं आहे. सिरस विमानात अख्ख्या विमानाला पॅराशूट असतं, रॉकेटनं उघडतं. पण सरळ उडताना ते उघडून आधार द्यायला साधारण 400 फूट घेतं, स्पिनमध्ये 920. वर सांगितलेल्या फायनलच्या वळणावर आहेत पाचशे. सोय चांगली आहे, पण आपल्या शाळांत बहुतेक 152, 172, डायमंड नाहीतर टेकनाम दिसेल, त्यांत ती शोधू नका.

तर पाठवा, शाळा बघून. आणि फी भरण्याआधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी, आणि जमलं तर त्याहून कडक क्लास वनही उरकून घ्या. हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण पैसे भरून झाल्यावर डोळ्यांत नाहीतर कानात काहीतरी निघालेली मुलं बघितलीत म्हणून सांगितलं.